बदललेले इंजिन आणि वऱ्हाडचे ऊन

अमरावतीहून निघून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू ही गावे मागे टाकीत अकोल्यास पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ हा कित्येक वर्षे खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. परंतु जून २०२२ मध्ये याच मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात डांबरी काँक्रीटचा ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे अंथरला गेला, गिनीजच्या विश्वविक्रमांत त्याची नोंद झाली, आणि ज्या रस्त्यावर जुन्या गाड्या तासाला तीस-चाळीस किलोमीटरच्या गतीने रखडत जात, त्यावर त्या सत्तर-ऐंशीच्या गतीने धावू लागल्या. प्रवाशांची यामुळे मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण त्याबरोबर एक जुनी व्याधीही उघडी पडली. इंजिन बदललेल्या ज्या जुन्या व्हॅन आणि मेटॅडोर गावातल्या गावात निमूटपणे चालत होत्या, त्या या गुळगुळीत रस्त्यावर भर उन्हात अर्धा-पाऊण तास सलग पळवल्या, की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागतो, रेडिएटरच्या झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसू लागते, आणि चालकास एखाद्या बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत गाडी उभी करून ती निवण्याची वाट पाहावी लागते.

अशा गाड्या आपल्याकडे अद्यापही रस्त्यावर आहेत, याचे कारण समजण्यासारखे आहे. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, बनवलेल्या मेटॅडोरने वऱ्हाडात काय वाहिले नाही? लग्नाची वऱ्हाडे, कापूस वेचणाऱ्या बाया, वरुड-मोर्शीची संत्री, बँडपथकाची वाद्ये, सारे तिने वाहिले. मारुतीची १९८४ साली आलेली व्हॅन, जी पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेली आणि २०१९ मध्ये जिचे उत्पादन थांबले, तिने शाळेच्या मुलांपासून रुग्णांपर्यंत सर्वांची सेवा केली. आपल्या कोरड्या हवेत पत्रा लवकर गंजत नाही. त्यामुळे इंजिन धूर मारू लागले, ऑइल खाऊ लागले, तरी गाडीचा सांगाडा दहा वर्षे पुरेल असा धड असतो. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेला मालक मग दुसऱ्या एखाद्या गाडीचे उतरवलेले इंजिन मिळवतो, मिस्त्री ते कौशल्याने बसवतो, आणि गाडीस दुसरा जन्म मिळतो. या व्यवहारात हिणवण्यासारखे काही नाही. वस्तू शेवटपर्यंत वापरण्याची ही वृत्ती मला आदरणीयच वाटते, आणि म्हणूनच, पदरचे पैसे घालून केलेला हा खटाटोप एका टाळता येण्याजोग्या दोषापायी वाया जातो, तेव्हा मन विषण्ण होते.

पंधरा दिवसांनी मालक परत येतो, आणि त्याची कैफियत बहुधा एकाच वाक्यात असते : "मिस्तरी, इंजिन तं बदललं, पण गाडी तापूनच राह्यली ना!" येथून पुढे जे घडते ते सर्वपरिचित आहे. प्रथम कूलंट बदलतात, मग थर्मोस्टॅट काढून फेकून देतात, मग वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, नवी आणतात, मग रेडिएटर, आणि एवढे करूनही काटा खाली येत नाही असे पाहिल्यावर, इंजिनच खराब दिले म्हणून ज्याच्याकडून ते घेतले त्याच्याशी तंटा सुरू होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की शंभरातील बहुसंख्य वेळा त्या इंजिनाचा यात काही अपराध नसतो. इंजिन बदलले, परंतु त्याच्याभोवतीची थंड करण्याची व्यवस्था जुन्या इंजिनाच्या मापाची राहिली, आणि दोहोंची रुजवात कोणी घातली नाही, एवढाच बहुतेक प्रकरणांचा सारांश असतो.

ही रुजवात कशी घालावी, हे समजण्यास थोडा हिशोब करावा लागेल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे दहा युनिट वीज होईल एवढी ऊर्जा मोकळी होते. तिच्यातील स्थूलमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला बराचसा भाग सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. भरलेली गाडी महामार्गावर तासाला सहा लिटर डिझेल जाळीत असेल, तर त्या पाण्यातून १५ ते २० किलोवॉट उष्णता अखंड बाहेर टाकावी लागते, म्हणजे स्नानघरातले दहा गिझर एकाच वेळी सुरू ठेवावेत तेवढी. आता जुन्या इंजिनाच्या जागी अधिक अश्वशक्तीचे इंजिन आले आणि मालकाने त्या शक्तीचा पुरेपूर लाभ घ्यावयाचे ठरवले, तर ही उष्णता दीडपट होणे अगदी स्वाभाविक आहे. रेडिएटर मात्र तेच, त्याच्या जाळीचे क्षेत्रफळ तेच, आणि त्याच्या नळ्यांत साचलेला वीस वर्षांचा गाळही तोच.

यात आपल्या हवामानाची भर पडते. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे आतील पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल, तर हे अंतर ६० अंशांचे. हवा ४६ अंशांवर गेली, की ते ४४ अंशांवर येते, अर्थात् त्याच रेडिएटरची शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटते. आणि ४६ हा आकडा अकोल्यास नवलाचा नाही. मे २०२० मध्ये या शहराने ४७ अंशांची मर्यादा ओलांडली होती. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेपायी जिल्हाधिकाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू करून खाजगी शिकवण्यांच्या वेळा बदलण्याचा आणि कामगारांना सावली-पाण्याची सोय करून देण्याचा हुकूम काढावा लागला. शिवाय वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो. तापलेल्या डांबरापासून हातभर उंचीवर, जेथून रेडिएटर हवा ओढतो, तेथील हवा याहूनही अधिक तप्त असते. दिवाळीनंतर बसवलेले इंजिन माघापर्यंत विनातक्रार चालावे आणि चैत्र संपता संपता तापू लागावे, यामागे हेच गणित आहे. इंजिन बदलल्यावर थंडीत घेतलेली चाचणी ही आपल्या मुलखात चाचणीच नव्हे, असे मी मानतो.

परंतु हवेपेक्षाही अधिक दुर्लक्षित असा एक अपराधी आहे, आणि तो म्हणजे पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा वऱ्हाडातील शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको; दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांतील विहिरींच्या आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याने पिण्याचे आणि सिंचनाचे किती हाल केले, याचा इतिहास मोठा आहे. हेच पाणी चालक रस्त्याकडेच्या हापशीवरून डबा भरून रेडिएटरमध्ये ओततो. पाण्यातील विरघळलेले चुन्याचे क्षार उष्णता लागताच विरघळलेले राहत नाहीत. ते नेमके जेथे धातू सर्वाधिक तापलेला असतो तेथे, म्हणजे हेडच्या आतील वाटांत आणि सिलिंडरच्या भिंतींवर, थर धरून बसतात. हा थर तांब्याच्या तुलनेत शंभर पटींहूनही कमी उष्णता पुढे जाऊ देतो. पाण्यातील मीठ ॲल्युमिनियमचे हेड कुरतडते, ते वेगळेच. अकोल्यातील एखाद्या रेडिएटरवाल्याकडे जुने तांबे-पितळेचे रेडिएटर उघडताना पाहावे : वरच्या टाकीचा डाख दिव्याच्या ज्योतीने काढून टाकी उचलली, की खाली नळ्यांच्या तोंडांची रांग दिसते, आणि त्यांतील कित्येक तोंडे पांढऱ्या-पिवळट खड्यांनी इतकी गच्च बुजलेली असतात, की आत सुई जाऊ नये, मग तो कारागीर एकेका नळीतून पातळ पट्टी खालवर करून तो खर बाहेर काढतो, टाकी पुन्हा डाख देऊन बसवतो, आणि पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने बुडबुडे येतात का ते तपासतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असलेल्या नव्या रेडिएटरांस ही सेवा बहुधा लाभत नाही. ते बुजले की बदलावेच लागतात. अमरावतीस ऊर्ध्व वर्धा धरणाचे आणि अकोल्यास काटेपूर्णेचे नळाचे पाणी येते. ते बोअरच्या पाण्याहून सौम्य असले तरी क्षारमुक्त नव्हे. इंजिन बसवताना पुरेसे शुद्ध केलेले, बॅटरीत घालतात तसले पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण एकदा भरावे, आणि पाच लिटरचा एक डबा गाडीत कायम ठेवावा. यास येणारा खर्च हेड गॅसकेटच्या खर्चापुढे नगण्य आहे.

आता तपासाकडे वळू. पहिला प्रश्न हा, की गाडी खरोखर तापते की काटा खोटे सांगतो? नव्या इंजिनाचा तापमान ओळखणारा सेन्सर आणि जुन्या गाडीच्या फलकावरील काटा हे भिन्न कुळांतील असले, तर ८५ अंशांचे पाणी असताना काटा लाल पट्टीत जाऊ शकतो, आणि उलटपक्षी पाणी उकळत असतानाही तो मध्यावर निवांत राहू शकतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक. दुरून तापमान मोजणारे पिस्तुलासारखे साधन आता बऱ्याच गॅरेजांत असते. थर्मोस्टॅटच्या घरावर ते रोखून खरा आकडा पाहावा, आणि मगच पुढील खर्चास हात घालावा. तेच साधन रेडिएटरच्या जाळीवरून हळूहळू फिरवले, तर मध्येच थंड लागणारे पट्टे सापडतात. त्या नळ्या बुजलेल्या आहेत, याचा तो पुरावा.

दुसरा प्रश्न : गाडी केव्हा तापते? अमरावतीच्या राजकमल चौकाच्या गर्दीत उभी असताना तापते आणि बडनेऱ्याच्या रस्त्यास लागताच काटा उतरतो, असे असेल, तर वाऱ्याचा अभाव आहे, आणि शोध पंख्याभोवती घ्यावा. इंजिनाची लांबी बदलल्याने पंखा रेडिएटरपासून दूर जातो, त्याच्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे बसत नाही म्हणून काढून टाकलेले असते, आणि मग पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आपल्याच भोवतीची तप्त हवा घुसळीत राहतो. विजेचा पंखा बसवला असेल, तर त्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या नाहीत ना, हे पाहावे. उलट फिरणारा पंखा डोळ्यांस व्यवस्थितच फिरताना दिसतो. गाडी उभी ठेवून, पंखा सुरू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूस वहीचे एक पान धरावे : ते जाळीस चिकटून राहिले तर ठीक, उडून दूर गेले तर दोष सापडला. रेडिएटरच्या चारही कडांस राहिलेल्या फटी फोम किंवा रबराच्या पट्टीने बुजवाव्यात, नाहीतर येणारी हवा सोपा मार्ग धरून जाळी टाळून निघून जाते. हे काम तासाभराचे आहे, आणि त्याने पुष्कळ गाड्या सुधारतात.

याच्या उलट, गावात ठीक पण महामार्गावर किंवा चढावर तापते, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे किंवा रेडिएटर लहान पडतो आहे. येथे व्हॅनच्या रचनेचा विचार अवश्य करावा. मोटारगाडीत इंजिन आणि रेडिएटर समोरासमोर असतात. ओम्नीत इंजिन पुढच्या आसनांखाली, आणि मेटॅडोरमध्ये ते चालकाच्या शेजारी केबिनमध्येच शिरलेले. अशा बंदिस्त जागेत पाण्याच्या नळ्या वळणे घेत, वर-खाली होत जातात, आणि इंजिन बदलताना मिस्त्री त्यांत आणखी एखादे वळण जोडतो. सर्वांत उंच वळणावर हवा अडकते, ती निघण्यास वाट नसते, आणि वरून पाणी तोंडापर्यंत भरलेले दिसत असताना आतील हेड कोरडे पडते. यास्तव पाणी भरताना गाडीचे नाक चढावर करावे, हीटर असल्यास तो पूर्ण उघडा ठेवावा, सर्वांत उंच जोडाची क्लिप सैल करून तेथून हवेऐवजी पाणी येईपर्यंत थांबावे, आणि इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थोडे थोडे पाणी घालीत राहावे. घाईने भरलेले पाणी हे इंजिनबदलानंतरच्या तापण्याचे एक अत्यंत सामान्य कारण आहे.

थर्मोस्टॅटविषयी मला थोडे कळकळीने लिहावेसे वाटते, कारण तो काढून टाकण्याची रूढी आपल्याकडे इतकी दृढ झाली आहे, की तिला कोणी प्रश्नही विचारीत नाही. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारी ही लहानशी झडप पाणी रेडिएटरकडे केव्हा पाठवावयाचे ते ठरवते; आणि बहुतेक इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात नेणारी एक उपवाटही असते. काही रचनांत थर्मोस्टॅट उघडताना आपल्या दुसऱ्या बुडाने ही उपवाट बंद करतो. असा थर्मोस्टॅट काढला, की उपवाट कायमची मोकळी राहते, पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरचे तोंडही न पाहता इंजिनात परततो, आणि ज्या उपायाने गाडी निवावी तोच उपाय तिला तापवतो. जेथे ही अडचण नसते, तेथेही इंजिन सदैव थंड राहून इंधन अधिक खाते आणि लवकर झिजते. थर्मोस्टॅट नवा घालावा, त्या इंजिनाचाच घालावा, आणि त्याची मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूस ठेवावी. गरम पाण्याच्या भांड्यात टाकून तो उघडतो का, हे आधी पाहून घेणे तर अगदीच सोपे.

प्रवाहाचे आणखी दोन शत्रू आहेत. खालची होज ही वॉटर बॉडीच्या ओढीच्या बाजूस असते; ती जुनी, मऊ आणि आत स्प्रिंग नसलेली असली, तर इंजिनाचे फेरे वाढताच चपटी होते आणि गाडी थांबवून पाहावे तो पुन्हा गोल झालेली असते, म्हणून गाडी उभी असतानाच दुसऱ्याकडून ॲक्सिलरेटर दाबवून ती डोळ्यांनी पाहावी. आणि काही इंजिनांत वॉटर बॉडी पट्ट्याच्या पाठीवर फिरते; जुन्या गाडीच्या मांडणीप्रमाणे पट्टा फिरवला तर ती उलट दिशेस फिरू लागते, आणि प्रवाह नाममात्र उरतो.

इंजिन सुरू करून थोड्याच वेळात गाडी तापत असेल, सकाळी थंड इंजिन सुरू करताच वरची होज दगडासारखी टणक होत असेल, झाकण उघडे ठेवून चालवल्यास पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेट गेले आहे असा संशय घ्यावा. निळ्या द्रवाची एक चाचणी मिळते. रेडिएटरच्या तोंडाशी धरल्यावर ज्वलनाचा वायू असल्यास तो द्रव पिवळट पडतो. उतरवलेले इंजिन आधीच कधी तापलेले असेल, तर त्याचे हेड वाकलेले असू शकते. म्हणून ते गाडीत चढवण्यापूर्वीच हेड खोलून मशीनशॉपमध्ये सपाटी तपासून घ्यावी. गॅसकेट उलट बसवल्याने, किंवा मिळत्याजुळत्या परंतु दुसऱ्या नमुन्याचे घातल्याने, पाण्याची छिद्रे झाकली गेल्याची उदाहरणेही घडतात.

हे सारे निर्दोष निघाले, तर इंधन जळण्याच्या वेळेकडे पाहावे. डिझेल पंपाचे टायमिंग किंवा पेट्रोल इंजिनाचा स्पार्क मागे राहिला, तर शक्ती कमी आणि उष्णता अधिक अशी अवस्था होते. जुना गिअरबॉक्स आणि नवे इंजिन यांचे गुणोत्तर जुळले नाही, तरी इंजिन कायम ओझ्याखाली राहते; हा दोष रेडिएटर बदलून जाणार नाही.

या सर्वांची कसोटी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात लागते. सुमारे ११०० मीटर उंचीवर मोकळे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. दाब धरणारे धड झाकण असले, तर उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वाढतो, आणि झाकणाचे रबर चिरलेले असले, तर हा लाभ शून्य. घाटात काटा चढू लागला, तर खालचा गिअर घेऊन वेग कमी करावा, एसी बंद आणि हीटर सुरू करावा, जागा पाहून थांबावे. पाणी शाबूत असेल तर इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवावे. पाणी गळून गेले असेल तर तत्काळ बंद करावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. आणि झाकण हातास गार लागेपर्यंत कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दाबाखालचे ते पाणी झाकण सुटताच उसळते, आणि चेहऱ्यावरील भाजण्याचे व्रण आयुष्यभर पुसले जात नाहीत.

इंजिन बदलण्यापूर्वी अमरावतीस किंवा अकोल्यास परिवहन कार्यालयात जाऊन विचारणा करावी, हेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास बंधन घातले आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. नोंदणीच्या दाखल्यावरील इंजिन क्रमांक आणि प्रत्यक्षातील क्रमांक यांत तफावत राहिली, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात मालकाची बाजू लंगडी पडते.

दुरुस्तीनंतरची परीक्षा वैशाखातल्या दुपारी, पूर्ण भाराने घ्यावी : आधी अर्धा तास महामार्ग, मग गर्दीत दहा मिनिटे उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी आणि रेडिएटरला जोडलेल्या डब्यावर खूण करून ठेवावी. आठवडाभर ती खूण हलली नाही, तर काम पुरे झाले. बाहेर कोठेही ओल नसताना पाणी रोज बोटभर उतरत असेल, तर हेड पुन्हा खोलण्यास पर्याय नाही, आणि ते गाडी पुढच्या भाड्यास जाण्यापूर्वी खोलावे.